कुर्ली आणि बोट

भाच्याच्या इंग्रजीच्या धड्यात कुठलीतरी कुर्ली, म्हणजे खेकडा, 'स्कटल' झाली होती. मला विचारलंन, आत्ये, स्कटल म्हणजे काय गं? आम्ही वास्कोची माणसं, बाबांचा जन्म बंदरात कारकुनी करण्यात गेला, त्यामुळे मला एकच अर्थ ठाऊक: आपली बोट आपणच बुडवायची. तसं ठणकावून सांगितलं. तो जरा गप्प बसला, मग म्हणे, पण कुर्लीकडे बोट कुठून आली?

बाबा ती गोष्ट रंगवून सांगायचे. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ, म्हणून तीन जर्मन आणि एक इटालियन बोट मुरगाव बंदरात येऊन बसलेली, इथून हलायची सोय नाही. त्यातली 'एरेनफेल्स' चोरून वायरलेसवर बातम्या देते असा ब्रिटिशांना संशय. 1943 च्या मार्चमध्ये एका रात्री कलकत्ता लाइट हॉर्सची मंडळी, म्हणजे बरेचसे पोट सुटलेले हौशी घोडेस्वार, चक्क एका जुन्या बार्जमधून येऊन तिच्यावर चढले. तर जर्मन खलाशांनी तळाचे व्हॉल्वच उघडले! ते बघून बाकीच्या तीन बोटींवरच्यांनीही आपापल्या बोटी पेटवल्या नि बुडवल्या.

पण कुर्ली राहिलीच, म्हणून डिक्शनरी काढली तर तिथे तिसराच प्रकार, कोळसे ठेवायची बादली. ती लॅटिनमधल्या ताटलीवरून आलेली म्हणे, आणि बोटीचं स्कटल डेकवरच्या झाकणाच्या भोकावरून, पोर्तुगीजमध्ये अजून त्याला एस्कोतिल्य म्हणतात. धावणारं स्कटल आणखी वेगळंच. म्हणजे नात्यागोत्याची नसलेली तीन माणसं एकाच आडनावाची. बादलीचं सोडा, गोव्यात शेकोटीला कोण बसणार.

संध्याकाळी त्याला बायण्याला नेलं. ओल्या वाळूत चिमुकली कुर्ली डोळे वर करून उभी, आम्ही एक पाऊल पुढे टाकलं नि ती तिरपी सुटली ती सर्रकन बिळात, मागे नुसती टाचणीने ओरखडल्यासारखी रेघ. हे स्कटल, म्हटलं. सुळकन, सुर्रकन, धूम, आपल्याकडे काय कमी शब्द आहेत, पण ती घाबरट घाई आणि बारीक पायांची खुसखुस एका शब्दात काही मिळेना.

त्याला मात्र बोटच आवडलेली. काल सकाळी चहात पोई बुडवता बुडवता आईला म्हणाला, आज मी शाळा स्कटल करतोय.