काकूंनी न सांगितलेल्या रात्री

दांडिया बाजारातल्या काकू त्या दिवशी तिसऱ्यांदा सलाईन भरून घ्यायला आल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांचा डावा स्तन काढला, तेव्हाच छातीच्या स्नायूखाली आम्ही ४५० मिलीचा एक्स्पान्डर ठेवला होता. हा सिलिकॉनचा फुगा. त्यात थोडंथोडं सलाईन भरत जायचं, वरची कातडी पुरेशी वाढली की तो काढून कायमचं इम्प्लांट बसवायचं. रेडिएशन घेतलेली कातडी असा ताण नीट सोसत नाही. काकूंना रेडिएशन लागणार नव्हतं, म्हणून हा मार्ग धरला.

ऑपरेशनच्या वेळी १२० मिली भरले होते, पुढे दर पंधरा दिवसांनी ८०. मुलाला रजा काढावी लागते म्हणून पंधरा दिवस.

चुंबकाने पोर्ट, म्हणजे फुग्यात सलाईन भरायची जागा, शोधला, बारीक बटरफ्लाय सुई घातली. "दुखतंय का, काकू?" "छे गं, काहीच नाही." ६० मिली गेले आणि व्रणाच्या कडेची कातडी पांढरी पडली. बोटाने दाबून सोडली, रंग परत येईना, म्हणजे तिथे रक्त नीट पोचत नव्हतं. हळूहळू ३० मिली ओढून घेतले तेव्हा कुठे गुलाबी छटा आली. माझ्या हाताला घाम सुटला होता.

मग विचारलं, "घरी गेल्यावर रात्री झोप लागते का?" काकू गप्प. सून म्हणाली, "दोन्ही वेळा तीन-तीन रात्री खुर्चीत बसून काढल्यात. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या."

मला फार लागलं ते. स्तन काढताना कातडीच्या संवेदना नेणाऱ्या नसा तुटतात, तिथे बहुतेकदा सुईसुद्धा कळत नाही. खरा ताण स्नायूवर येतो आणि तो दुखतो रात्री. हे मला पाठ होतं. तरी दोन्ही वेळा मी फक्त टेबलावरच विचारलं होतं.

१९८२ साली प्लास्टिक सर्जन रॅडोव्हन यांनी स्तनासाठी ही पद्धत मांडली, ती याच भरवशावर की कातडीला सावकाश ताण दिला तर ती नुसती लांबत नाही, नव्या पेशी तयार होऊन खरोखर वाढते. त्यासाठी रक्तपुरवठा टिकला पाहिजे. काकूंना हे सांगायला लागले तर त्याच म्हणाल्या, "बाही चढवताना कापड ओढलं की काखेत उसवतंच. चाळीस वर्षं ब्लाऊज शिवतेय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"लवकर संपावं म्हणून."

आम्ही हिशोब मांडला. पंधरा दिवसांनी ८० काय, दर आठवड्याला ४० काय, वेग तोच. राहिलेले १४० मिली चार खेपांत बसत होते. सून म्हणाली, "मी आणीन रिक्षाने, रजेचं काही नाही."

पुढच्या बुधवारी सुईला हात लावण्याआधी मी रात्रींबद्दल विचारलं. काकूंनी ब्लाऊजच्या मापांची वही उघडली. शेवटच्या पानावर सात रात्री लिहिल्या होत्या, पहिल्या दोन रात्रींपुढे फुली.

३५ मिलीवर थांबले.