गोल्डफिशच्या टँकमधलं विरजण

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी आमचा फिश टँक घासूनपुसून लख्ख केला. माळे झाले, पंखे झाले, स्वयंपाकघरातले डबे झाले, मग टँक तरी का मागे ठेवा? आमच्या दोन गोल्डफिशना, केशर आणि काजळला, बादलीत काढलं, होतं नव्हतं ते सगळं पाणी ओतून दिलं, खडे परातीत घेऊन तांदूळ धुतात तसे सात-आठ पाण्यांनी धुतले. फिल्टरचा स्पंज बेसिनच्या नळाखाली पिळत बसले, पाणी नितळ येईपर्यंत. तपकिरी, बुळबुळीत गाळ निघत होता आणि तो वाहून जाताना बघून मला बरं वाटत होतं. नवीन पाणी भरलं, क्लोरीनचं औषध टाकलं, दिवा लावला. वसुबारसेला आलेल्या मावशी म्हणाल्या, "काच आहे की नाही तेच कळत नाहीये गं!"

भाऊबीजेच्या सकाळी काजळ पाण्याच्या वरच्या कडेला तोंड लावून हवा ओढत होता. केशर तळाशी बसून होती, पंख अंगाला चिकटलेले, आणि तिच्या पांढुरक्या शेपटीत लाल रेघा उमटल्या होत्या, बारीक, एखाद्या थकलेल्या माणसाच्या डोळ्यांत दिसतात तशा. केशर ओरांडा जातीची, डोक्यावर रासबेरीसारखा तुरा. काजळ ब्लॅक मूर जातीचा, बाहेर आलेल्या डोळ्यांचा. त्याच्या दीड वर्ष आधी लेकाच्या वाढदिवसाला आणले तेव्हा अंगठ्याएवढे होते. पाणी मात्र त्या सकाळीही आरशासारखं होतं. म्हणून पाण्याची शंका माझ्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

जवळच्या दुकानात गेले तर त्यांनी न विचारता निळं औषध हातात ठेवलं. ते टाकलं. टँक निळा झाला, मासे तसेच. मग हडपसरच्या मैत्रिणीला फोन केला, तिच्याकडे बारा वर्षं गोल्डफिश आहेत. तिने पहिला प्रश्न विचारला, "अमोनिया किती आहे?" आणि दुसरा, "स्पंज कशाने धुतलास?"

त्या दिवशी टेस्ट किट आणलं. छोट्या काचेच्या नळीत ५ मिली टँकचं पाणी, त्यात एका बाटलीतले ८ थेंब, दुसऱ्या बाटलीतले ८ थेंब, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर अमोनिया शून्य. आमच्या नळीत तिसऱ्याच मिनिटाला हिरवं चढायला लागलं. कार्डावर रंग जुळवला तर २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम. निळ्या औषधामुळे रंग चुकत असेल असं म्हणून मी अर्धं पाणी बदलून पुन्हा बघितलं. तरी १ आला. जो यायला हवा शून्य.

मासा खातो, आणि त्याच्या शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात येतो. नदीत तो पसरून जातो. १२० लिटरच्या टँकमध्ये तो तिथेच राहतो आणि त्याच कल्ल्यांना भाजतो. त्याचा निचरा करतात दोन प्रकारचे जिवाणू. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते माफक प्रमाणात माशाला सोसतं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात. ते चिकटून राहतात: स्पंजला, खड्यांना, फिल्टरमधल्या सिरॅमिकच्या नळ्यांना. मी ज्याला घाण समजून नळाखाली पिळलं, त्या गाळाबरोबर तेच वाहून गेले होते, आणि जे उरले त्यांना नळातल्या क्लोरीनने मारलं. क्लोरीन घालतात ते जिवाणू मरावेत म्हणूनच. प्यायच्या पाण्यात ते हवंच, स्पंजवर नको.

मैत्रिणीने हे फोनवर एका वाक्यात सांगितलं: "अगं, तू विरजणाचं भांडं विम लावून घासलंस. आता दही लागेल कशाने?"

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर तिच्याकडे गेले. तिने तिच्या फिल्टरमधला अर्धा स्पंज कापून डब्यात दिला, तिच्याच टँकच्या पाण्यात बुडवून. तिच्याकडे चार महिन्यांत नवा मासा आलेला नव्हता, कुणी आजारी नव्हतं, हे तिने आपणहून सांगितलं. स्पंजाबरोबर रोगही येऊ शकतो. डबा घट्ट बंद करायचा नाही, वाटेत कुठे थांबायचं नाही, हेही बजावलं, कारण या जिवाणूंना सतत ऑक्सिजन लागतो. सिंहगड रोडला पोहोचेपर्यंत डबा पायांमध्ये धरून बसले होते. घरी आल्या आल्या तो स्पंज आमच्या फिल्टरमध्ये सरकवला आणि एक कोपरा टँकमध्ये हलकेच पिळला. तपकिरी ढग पाण्यात उतरला. चार दिवसांपूर्वी तो दिसला असता तर मी जाळी घेऊन धावले असते.

काजळ तिसऱ्या दिवशी गेला. पहाटे दिवा लावला तेव्हा तो आडवा तरंगत होता. लेक शाळेत जाईपर्यंत मी टँकवर चादर टाकून ठेवली, मग संध्याकाळी त्याला सांगितलं. त्याने विचारलं, "आई, पाणी तर स्वच्छ होतं ना?" त्याला मी टेस्टची हिरवी नळी दाखवली. त्याला कळलं की नाही माहीत नाही, पण त्या दिवसापासून टेस्ट तोच करतो.

पुढचे पंधरा दिवस केशरसाठी जे केलं ते सांगते, कुणाला उपयोगी पडेल. रोज ४० टक्के पाणी बदलत होतो, नवं पाणी आधी क्लोरीन काढलेलं आणि टँकमधल्या पाण्याइतक्याच तापमानाचं. खाणं एक दिवसाआड आणि तेही चिमूटभर; जेवढं कमी खाणं टँकमध्ये पडेल तेवढा कमी अमोनिया होईल. एअर पंप चोवीस तास. नायट्राइट दिसायला लागल्यावर लिटरमागे एक ग्रॅम साधं खडे मीठ विरघळवून घातलं. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरलं की रक्त तपकिरी पडतं आणि ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. पाण्यात बुडबुडे असूनही मासा गुदमरतो. मिठातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांपाशीच अडवतं. पाणी बदललं की जेवढं पाणी नवीन तेवढ्याच्याच हिशेबाने मीठ, नाहीतर ते वाढत जातं.

आकडे आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिले, दुधाच्या हिशेबाशेजारी. नवव्या दिवशी अमोनिया शून्य. नायट्राइटच्या टेस्टचा रंग तोवर जांभळा झालेला, सतराव्या दिवशी पुन्हा फिकट निळा, म्हणजे शून्य. त्या चौकोनात लेकाने पेन्सिलीने मासा काढलाय. ते पान मी फाडून ठेवलंय.

बरी होताना केशरच्या पंखांच्या कडांना आणि गालाजवळ काळे डाग उमटले. मी घाबरले, पण अमोनियाने भाजलेली कातडी भरताना गोल्डफिशला असे डाग येतात आणि बहुधा आपोआप जातात. सासूबाई टँकसमोर खुर्ची घेऊन बसल्या होत्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "काजळ जाताना हिला तीट लावून गेला गं." महिनाभरात डाग गेले.

आता आमचा रविवार ठरलेला असतो. ३० टक्के पाणी सायफनच्या पाइपने खड्यांमधून ओढून काढायचं. त्यातल्याच अर्ध्या बादलीत स्पंज दोन-तीनदा दाबायचा, बस. पाणी गढूळच राहतं, राहू दे. आता आमच्या फिल्टरमध्ये दोन स्पंज आहेत आणि दोन्ही एकाच रविवारी कधीच नाही. काढलेलं पाणी कढीपत्त्याला आणि तुळशीला. त्यातलं नायट्रेट त्यांना खत आहे, कढीपत्ता इतका फोफावलाय की शेजारी मागून नेतात. नव्या पाण्यात सोडियम थायोसल्फेटचे खडे, दुकानात 'अँटी-क्लोरीन' म्हणून मिळतात ते. बादली चोवीस तास उघडी ठेवली तरी साधं क्लोरीन उडून जातं, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते असं उडत नाही, म्हणून मी औषध टाकतेच.

आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी धुतली की ग्रुपवर मेसेज येतो. सगळ्यांना तो "उद्या पाणी उशिरा येईल" एवढाच वाटतो. मला तो "या रविवारी पाणी बदलू नकोस" असा वाचता येतो, कारण टाकीत ब्लीचिंग पावडर पडलेली असते आणि नळाखाली उभं राहिलं तरी वास येतो. तुमच्याकडे मासे असतील तर हा मेसेज नीट वाचा.

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये टँकर सुरू होतात. एरवी आमच्या नळाला धरणाचं मऊ पाणी, टँकरचं बहुतेकदा बोअरवेलचं. बादलीला पांढरे क्षार धरतात त्यावरून लगेच कळतं. दोन्हींचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते, वेगळा. पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणून टँकरच्या दिवसांत मी एकदम ३० टक्के बदलत नाही, आठवड्यातून तीनदा १० टक्के बदलते. ज्यांनी सहा महिने पाणी बदललेलंच नाही त्यांनी तर जोशात सगळं एकदम अजिबात बदलू नये. जुन्या टँकमध्ये पीएच हळूहळू उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया बऱ्यापैकी निरुपद्रवी रूपात दबून बसलेला असतो; नवं पाणी पडलं की तोच उसळतो, आणि लोक म्हणतात, "पाणी बदललं आणि मासे मेले."

त्यात उकाडा. २० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. मासा आणि जिवाणू दोघांनाही उन्हाळ्यात तो जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच कमी असतो. गोल्डफिश मूळचा थंड पाण्यातला. मेमध्ये आमचा टँक ३१ वर गेला होता. बर्फ टाकू नका, तापमानाचा झटका बसतो. मी झाकण काढते, वर जाळी टाकते आणि टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर सोडते. दोन-तीन अंश उतरतात, पाणी आटतं तेवढं भरायचं. दुपारी वीज जाते म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवलाय. काही तास फिल्टर बंद राहिला की आत अडकलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि विरजण नासतं.

सासूबाईंशी मात्र माझी एका गोष्टीवर अजून रोज बोलाचाली होते. केशर काचेपाशी येऊन तोंड उघडझाप करते आणि त्यांना राहवत नाही. "अगं, भूक लागलीये तिला, बघ कशी मागतेय." "आई, ती दिवसभर मागते. तिला जठरच नसतं, पोट भरल्याचं कळणार कसं?" शेवटी तोडगा निघाला: दुपारचा उकडलेला मटार त्यांच्या हातचा. साल काढून, बोटाने चुरून, एकच दाणा. पोळीचा तुकडा नाही. त्या आता मटाराची वेळ चुकवत नाहीत.

गेल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरची मुलगी आली. तिच्या बाबांनी तिला दोन फुटी टँक आणून दिलाय, त्यात अजून मासा नाही. हातात रिकामा डबा. "काकू, आईने सांगितलंय, तुमच्याकडून विरजण आणायचं." मी लेकाला हाक मारली. त्याने कात्री आणली, जुन्या स्पंजाचा अर्धा तुकडा कापला, डब्यात केशरच्या टँकचं पाणी घातलं आणि झाकण नुसतं वर टेकवून तिच्या हातात दिलं. "घट्ट लावू नकोस. लिफ्टची वाट बघू नकोस, जिन्याने जा."