ठाणे ते डेहणे: ऑल-टेरेन टायर नेमका कुठे फाटतो

पावसाळा सरला की शहापूर तालुक्यातल्या डेहण्याला, आजोबा डोंगराच्या पायथ्याशी जायचं, हे आमच्या घरी ठरलेलं. या वेळी दोन गाड्या होत्या, माझी आणि आतेभावाची. दोन्हींना ऑल-टेरेन टायर, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे. माझे २४५/७५ आर १६, त्याचे २५५/६५ आर १८. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची त्या रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. हे आकडे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांचंच काम पडणार आहे.

माजिवड्याहून पहाटेच निघा. उजाडल्यावर खारेगाव-मानकोली पट्ट्यात कंटेनरच्या मागे अडकलात की सकाळ तिथेच जाते. पडघा, वासिंद, आसनगाव करत शहापूरपर्यंत हायवे आहे आणि इथे हवा पूर्ण हवी, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेल्या स्टिकरवर लिहिली असेल तेवढी. टायर दणकट आहे म्हणून कमी हवेवर हायवे मारणारे खूप भेटतात. वेगात कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीला दुमडतो, तापतो आणि आतून कमजोर होतो. ते बाहेरून दिसतही नाही.

शहापूरला डिझेल, चहा आणि शेवटचं भरवशाचं पंक्चरचं दुकान. डोळखांबपर्यंत रस्ता बरा होता. त्यापुढे एका टप्प्यात काम चालू होतं: खडी पसरलेली, रोलर अजून फिरलेला नाही, त्यावर टँकरने पाणी मारलेलं. नवख्या माणसाला दगडगोट्यांचा ओढा बघून धडकी भरते आणि अशा खडीवरून तो बिनधास्त गाडी घालतो. प्रत्यक्षात उलट आहे. ओढ्यातले गोटे पाण्याने घासून गुळगुळीत झालेले असतात. आपला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट क्रशरमधून निघतो तेव्हा त्याच्या कडा कोयत्यासारख्या असतात. त्यात ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं.

समोरून ट्रॅक्टर आला. त्याला वाट द्यायला आतेभावाने गाडी साइडपट्टीवर उतरवली. परत वर चढताना डावं मागचं चाक डांबराच्या तुटलेल्या कडेला घासत गेलं आणि फस्स करून हवा निघाली. उतरून पाहिलं तर टायरच्या बाजूला अंगठ्याएवढा आडवा काप. रबराचा पापुद्रा बोटाने उचलला की आतल्या दोऱ्यांची तुटलेली पांढरी टोकं दिसत होती. खालच्या नक्षीवर मात्र ओरखडासुद्धा नाही.

ऑल-टेरेन टायर घेताना आपण सगळे नक्षीच बघतो, रबराचे ठोकळे किती मोठे, खाचा किती खोल. पण जमिनीला टेकणाऱ्या भागात जाड रबर असतं आणि त्याखाली पोलादी तारांचे पट्टे. बाजूच्या भिंतीला वाकायचं असतं, म्हणून तिथे तारा नसतात, पॉलिएस्टरच्या दोऱ्यांचे एक-दोन थर आणि पातळ रबर, बस्स. किती थर, ते टायरवरच बारीक अक्षरात छापलेलं असतं. दुकानात मोबाइलचा टॉर्च मारून वाचा. बाजूला तीन थर असलेला टायर जड असतो, मायलेज थोडं खातो, तरी अशा रस्त्यांवर वारंवार जाणाऱ्याने तोच घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

आता ते आकडे. २४५ चे ७५ टक्के म्हणजे बाजूची उंची साधारण १८४ मिलिमीटर. २५५ चे ६५ टक्के म्हणजे १६६. मोठ्या रिमवर गाडी रुबाबदार दिसते, पण दगड आणि रिम यांच्यामधलं १८ मिलिमीटर रबर कमी होतं. खड्ड्याच्या कडेवर टायर रिमपर्यंत चेपला जातो, आतल्या दोऱ्या तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर कितीही नवा असो, त्यावर घाट उतरू नका.

खडीवर मी हवा २५ पीएसआयपर्यंत उतरवतो. टायर दगडावर बसतो, टोचला जाण्याऐवजी त्याला लपेटून घेतो. पण २० च्या खाली गेलात की बाजू बाहेर फुगते आणि नेमकी कडेच्या दगडांना भिडते. म्हणजे जी जागा वाचवायची, तीच आपण पुढे करतो. वेग ताशी २०-२५ किलोमीटर. स्टीअरिंग जागच्या जागी वळवू नका, आणि दोन्ही चाकं चाकोरीतच ठेवा. हवा भरायचा कॉम्प्रेसर गाडीत नसेल तर हवा काढूच नका.

स्टेपनी लावताना भुसभुशीत मुरुमात जॅक रुतत होता. जाड लाकडी फळी होती म्हणून निभावलं. व्हील पाना एकदा घरीच लावून बघा. दुकानात मशिनने आवळलेले नट पायाचं वजन टाकूनही हलत नाहीत.

परतताना शहापूरच्या पंक्चरवाल्या काकांनी कापावर बोट फिरवलं आणि टायर बाजूला ठेवला. "दादा, हे पंक्चर नाय, हे फाटलंय. पैसे घेऊन मी पॅच मारीन, पण तुमी हायवेला जाणार ना?" त्यांचं बरोबर होतं. खालच्या नक्षीत खिळा घुसला आणि भोक सहा मिलिमीटरच्या आत असेल तर आतून मशरूम पॅच (दांडा भोकात बसणारा छत्रीसारखा पॅच) मारून टायर पुढे चालतो. नुसतं रबर खरवडलं असेल, दोऱ्या दिसत नसतील, तर लक्ष ठेवून वापरा. दोऱ्या दिसल्या की टायर संपला.

स्टेपनीही त्याच मापाची ऑल-टेरेनच हवी. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देऊन चालवताना वेगळ्या घेराचं चाक लागलं तर ताण गिअरच्या भागांवर येतो. तिच्यावरचे तारखेचे चार आकडेही बघा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. कित्येक गाड्यांत स्टेपनी कधी खाली उतरलेलीच नसते आणि रबर बसल्याजागी तडकतं.

ठाण्याला आल्यावर गाडी धुवा आणि टायरच्या गाडीखालच्या, आतल्या बाजूवरून हात फिरवा, तिथे कोणी बघत नाही. खाचांत अडकलेली खडी स्क्रू-ड्रायव्हरने काढा, नाहीतर ती आत रुतत पट्ट्यांपर्यंत पोचते. ताशी ८० च्या पुढे स्टीअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) आधी, अलाइनमेंट (चाकांचे कोन सरळ करणं) मागाहून. डेहण्याच्या पुढे गाडी नेऊ नका, जंगल आहे. गावात विचारून कोणाच्या अंगणात लावा आणि उन्हं कलायच्या आत निघा, कारण डांबराची तुटलेली कड हेडलाइटच्या उजेडात नीट दिसत नाही.