बादली-माइक, आवृत्ती तिसरी: होर्डिंगच्या उजेडात रात्रीचे प्रवासी

रात्री वरून उडत जाणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यांच्या हाका बादलीतल्या माइकने टिपायच्या आणि होर्डिंगच्या उजेडाचा त्यांच्यावर काय परिणाम होतो ते पाहायचं, असा हा प्रयोग. जागा तीच: पुण्यातल्या इमारतीची गच्ची, शेजारी जाहिरातीचं होर्डिंग. यंदा बादली बदलली, घड्याळाची शिस्त लावली आणि मोजणीची पद्धत पार उलटवली.

आधी बादली. 20 लिटरची प्लॅस्टिकची, आतून पाच सेंटिमीटर जाड फोम, तळाशी ऑडिओमॉथ (छोटा ध्वनिमुद्रक), माइक थेट आभाळाकडे. भिंतींमुळे रस्त्याचा आवाज बराच अडतो. तोंडावर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म ताणून. फिल्म सैल राहिली की वाऱ्याने फडफडते आणि रेकॉर्डिंग वाया जातं. पहाटेचं दव साचलं की वरच्या पट्टीतले आवाज दबतात. म्हणून बादली थोडी कलती ठेवायची आणि फिल्म रोज संध्याकाळी नवी लावायची. कुंड्यांपासून लांब, नाहीतर रातकिडेच ऐकत बसा.

सेटिंग: 32 किलोहर्ट्झ, गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) मध्यम, तासाची एक फाइल. तासाला साधारण 230 एमबी, संध्याकाळी सात ते पहाटे सहा म्हणजे अडीच जीबी. 32 जीबीचं कार्ड बारा रात्री पुरतं. तीन पेन्सिल सेल. सेल काढले की घड्याळ पुसलं जातं, ते पुन्हा लावल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नका. होर्डिंगचा दिवा किती वाजता विझला हे मिनिटावर जुळलं नाही तर पुढचं सगळंच व्यर्थ.

आता मुख्य मुद्दा. उजेडातल्या गच्चीवर हाका जास्त, अंधाऱ्या गच्चीवर कमी, म्हणून उजेडाकडे पक्षी जास्त, हे गणित चुकीचं आहे. उजेडात गोंधळलेला पक्षी घिरट्या घालतो आणि जास्त ओरडतो. एकच धोबी पक्षी दहा हाका देऊन जाईल. न्यूयॉर्कच्या 9/11 स्मृती-प्रकाशझोतांवरचा 2017 चा अभ्यास इथे उपयोगी पडतो: सात रात्रींत सुमारे 11 लाख पक्ष्यांवर परिणाम झाल्याचा अंदाज, पण खरा पुरावा झोत बंद केल्यावरचा. काही मिनिटांत पक्षी पांगले, हाकाही ओसरल्या. तिथे रडारही होतं. आपल्याकडे नुसते कान.

म्हणून दोन गच्च्यांची तुलना बंद. एकच गच्ची, होर्डिंग चालू असलेल्या आणि बंद असलेल्या रात्री, आणि घड्याळाचा तोच तास. रात्री बाराआधी-नंतर अशी तुलनाही नको, कारण स्थलांतराची वर्दळच तासागणिक बदलते. ढग आणि चंद्र यांची नोंद हवीच: ढगाळ रात्री पक्ष्यांची उजेडाकडची ओढ वाढते, चांदण्यात कमी होते.

आकाशाचा उजेड एसक्यूएम-एल या हातातल्या मापकाने, चंद्र मावळलेला असताना, माथ्यावर रोखून. पहिलं वाचन सोडून पुढच्या तिनांची सरासरी. आकडा वाढला की अंधार वाढला, आणि मोजपट्टी लॉगॅरिदमिक आहे: 17.5 आणि 20 यांत दहापट फरक.

ऐकताना ऑडॅसिटी या ध्वनी-सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं चित्र), विंडो 512, वरची मर्यादा 12 किलोहर्ट्झ. आवाजावरून पक्षी ओळखणारं बर्डनेट फक्त चाळणी म्हणून. लहान पक्ष्यांची हाक सेकंदाच्या दहाव्या भागाएवढीही नसते, ती बर्डनेट तपासतं त्या तीन सेकंदांच्या तुकड्यात सहज हरवते. टिटवी आणि रातबगळा यांना वेगळा रकाना द्या. दोघेही इथलेच, रात्रभर बोलतात आणि तुतवारांसारख्या स्थलांतरी पक्ष्यांची बेरीज फुगवतात.

बाकी काम: होर्डिंगवाल्यांकडून बंद रात्रींचं वेळापत्रक लेखी मिळवणं. ते हाती नसेल तर दिवा विझल्याची वेळ रोज डोळ्यांनीच टिपावी लागते.