डायना ३५ वरची पीप: ग्रुप उभा, दोषी भलताच

आधी गोड बातमी. माझ्या डायना ३५ या स्प्रिंगच्या एअर रायफलवरच्या बिननावाच्या पीप साइटचा (बारीक भोकातून नेम धरायची मागची साइट) फोटो टाकून ती कुठली ते मागे विचारलं होतं. ती जर्मन घराण्यातलीच निघाली. आयपीसचा (डोळ्याजवळच्या भोकाच्या चकतीचा) आटा ९.५ मिमी, पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) १ मिमीवर चपखल. म्हणजे वॉल्थर, आनशुट्झवाला एम ९.५. लायमन किंवा विल्यम्स या अमेरिकन कंपन्यांवर पैज लावणाऱ्यांनी चहा पाजावा. त्यांचा आटा ७/३२ इंच, म्हणजे जेमतेम साडेपाच मिमी. माझा जुना गेहमान आयरिस (भोक लहानमोठं करता येणारा आयपीस) अडॅप्टरशिवाय थेट बसला. भोक १.१ मिमीवर आणताच फ्रंट साइटची कड अशी धारदार दिसायला लागली की काय सांगू!

आता रड. पीप बसवल्यापासून वरळीच्या रेंजवर १० मीटरला ग्रुप (छर्‍यांच्या भोकांचा पुंजका) उभा पडत होता. आडवा पसारा सुरेख, उभा दुप्पट. पहिला संशय साइट आवळणाऱ्या क्लॅम्पवर. स्प्रिंग रायफलच्या दुहेरी झटक्यात साइट मागे सरकते हे आपल्याला पाठच आहे. डव्हटेलवर (साइट बसते त्या खाचेवर) मार्करची रेघ मारली. साइट सरकत होतीच. मागे स्टॉप पिन बसवली, सरकणं थांबलं. ग्रुप तरी उभाच!

मग पीप काढून मूळ उघड्या साइटवर मारलं. ग्रुप गोल. तिथे ट्यूब पेटली. उघड्या साइट, पुढची आणि मागची, दोन्ही नळीवर. ब्रेक-बॅरल (नळी मोडून ताणायची) रायफल मिटताना नळी केसभर खाली-वर बसली तरी त्या तिच्याबरोबर जातात. पीप मात्र मागच्या सिलिंडरवर. माझ्या रायफलवर पिव्हटपासून (नळी मोडते त्या सांध्यापासून) फ्रंट साइट ४५ सेंमी, पीपपासून ६५. पुढचं टोक ०.३ मिमी खाली बसलं तर नळीचा कोन छर्रा साडेसहा मिमी खाली नेतो. नेम पुन्हा जुळवताना त्यातले साडेचार भरून निघतात, पण २ मिमी उरतातच. आणि लक्ष्यावरचा १० गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिमीचा.

दोषी निघालं नवं ब्रीच सील (नळी-सिलिंडरच्या सांध्यात हवा रोखणारी रिंग). जाड होतं, नळी पुरती मिटू देत नव्हतं. किटमधली सीलं यापुढे मोजल्याशिवाय घालणार नाही. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर कॅलिपर घेऊन उभं राहिलं तर हव्या त्या जाडीची ओ-रिंग मिळते, तीही वडापावच्या भावात. पिव्हट बोल्टही आवळला. कॉक केल्यावर (स्प्रिंग ताणल्यावर) नळी सोडाल त्या कोनात थांबली पाहिजे, आपल्या वजनाने लोंबता कामा नये. आता पीपवरही ग्रुप गोल.

उरलं एकच: पीप तळाला नेऊनही छर्रे ४० मिमी वर लागतात. हिशोबाने फ्रंट साइट २.६ मिमी उंच हवी. लेथवाल्याकडून पितळेचा पोस्ट (फ्रंट साइटची उभी दांडी) करून घेणार होतो, पण हे लिहितानाच सुचलं की नळीवर क्लॅम्प होणारा एम १८ टनेल (फ्रंट साइटचं नळकांडं) लावला तर उंचीही मिळेल आणि रिंग इन्सर्टही (आत बसणाऱ्या नेमाच्या गोल चकत्या) वापरता येतील. पोस्ट तूर्तास रद्द. कुणाकडे असा टनेल पडून असेल तर नळीच्या मापासकट कळवा.