सगळी जाकिटं राखाडी हवीत म्हणे!

अमेरिकेत रिचमंडला एका हौशी नाटकमंडळीचा कपडेपट मी सांभाळते. यंदाचं नाटक 1864 मधलं, ऐन यादवी युद्धातलं. दिग्दर्शकाची फर्माईश एवढीच, की दक्षिणेतल्या फुटीर राज्यांच्या, म्हणजे कॉन्फेडरेट, शिपायांची जाकिटं एकसारखी राखाडी हवीत.

मी आधी इथल्या संग्रहालयात जाऊन अस्सल जाकिटं पाहून आले. एकसारखी कुठली! एक निळसर, दुसरं मातकट, तिसरं चक्क गोणपाटासारखं. 1861 च्या नियमात राखाडी लांब कोट आणि आकाशी पँट होती. कॉलर-कफांना पायदळासाठी फिकट निळा, तोफखान्याला लाल, घोडदळाला पिवळा. कागदावर सगळं झकास. प्रत्यक्षात आधी शिपायानेच कपडे आणायचे आणि सरकारने पैसे द्यायचे, असा कारभार होता. पुढे सरकारी डेपोंतून कमरेपर्यंतची आखूड जाकिटं मिळू लागली. निळसर, चांगल्या लोकरीची काही तर आयर्लंडमधल्या लिमरिकहून, पीटर टेटच्या कारखान्यातून शिवून आली होती.

मला हवं होतं ते 'जीन क्लॉथ'. आजच्या जीन्सशी त्याची गल्लत नको. ताणा (उभे धागे) सुती, बाणा (आडवे धागे) लोकरीचा, वीण ट्विलची, म्हणजे तिरक्या रेघांची. दक्षिणेत कापूस रग्गड, लोकरीची मारामार, म्हणून ही तडजोड. न रंगवलेलं कापड मागवलं आणि रंग घरीच द्यायचं ठरवलं.

ऑक्टोबरात इकडे काळ्या अक्रोडाची फळं रस्त्यावर पडून कुजत असतात. त्यांची वरची हिरवी साल काढून भिजत घातली, मग उकळली. हातमोजे घालाच, नाहीतर बोटं कित्येक दिवस काळी राहतात. हा रंग पक्का बसायला तुरटीही लागत नाही. कापड बुडवलं की लोकर भराभर तपकिरी होते, सूत मात्र फिकटच राहतं, त्यामुळे जवळून पाहिलं तर ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. एका तुकड्याला शेवटी हिराकस (लोखंडाचा क्षार) दिली. तो काळपट राखाडीकडे झुकला. त्या काळी लॉगवुड या झाडाच्या लाकडापासून काढलेल्या रंगाने राखाडी केलेलं कापडही उन्हात तपकिरी पडायचं, हे दिग्दर्शकाला सांगितलं. तो कुरकुरला, पण तालमीत दिव्यांखाली जाकिटं पाहिल्यावर गप्प बसला.

अस्तराला आपल्या मांजरपाटासारखं कोरं, भरड सुती कापड लावलं. असलं सुती कापड आणि हे जीनसुद्धा मळ्यांवरच्या गुलामांच्या अंगावर असायचं. युद्धाआधी खास त्यांच्यासाठीचं भरड कापड उत्तरेतल्या ऱ्होड आयलंडच्या गिरण्या विणायच्या आणि दक्षिणेत विकायच्या. नाटकात स्वयंपाकघरात राबणारी एक गुलाम बाई आहे. तिच्यासाठी फुलाफुलांचं कापड आणून ठेवलं होतं. ते परत केलं आणि तिचा झगा अस्तराच्याच ताग्यातून बेतला.