फायबरला स्वतःचा राउटर: अँटेना सगळ्यात शेवटी

स्पीड टेस्ट चोख 200 एमबीपीएस दाखवायची, पण घरात कुणी फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की माझा व्हिडिओ कॉल अडखळायचा. सगळे म्हणाले, वायफाय कमी पडतंय, चांगला राउटर घे. मी लॅपटॉप केबलने जोडून पाहिला. कॉल तसाच अडखळला, म्हणजे दोष वायफायचा नव्हता. अपलोड सुरू झालं की पिंग, म्हणजे डेटाचं पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, दोनशे मिलिसेकंदांच्या वर जायचा. याला बफरब्लोट म्हणतात: पॅकेट हरवत नाहीत, राउटर किंवा मोडेमच्या बफरमध्ये तुंबून राहतात. त्यामुळे मला जास्त अँटेना नको होत्या, ही रांग नीट हाकणारा राउटर हवा होता.

त्याआधी इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्याचं काय करायचं ते ठरवणं भाग होतं. त्यात दोन यंत्रं एकत्र असतात: फायबरमधला प्रकाश इथरनेटमध्ये आणणारा ओएनटी आणि राउटर. जीपॉन या घरगुती फायबरच्या पद्धतीत एकच फायबर स्प्लिटरने अनेक घरांत वाटलेली असते आणि पलीकडचं यंत्र प्रत्येक ओएनटीला त्याच्या सिरीयल नंबरवरून वगैरे ओळखतं. म्हणून तो भाग सहसा बदलता येत नाही. डबा ब्रिज मोडवर टाकायचा, म्हणजे त्याने डेटा नुसता पुढे सोडायचा, आणि राउटरचं काम आपल्या राउटरला द्यायचं, हा सरळ मार्ग. नाहीतर दोन राउटर एकामागे एक लागून डबल नॅट होतं, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते. कस्टमर केअरकडून तीन गोष्टी हव्या होत्या: पीपीपीओईचं (कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायच्या पद्धतीचं) यूजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (एकाच तारेवर वेगळ्या ठेवलेल्या आभासी लाइनचा) नंबर. पहिल्या दोन लगेच मिळाल्या. व्हीलॅनचं नाव काढलं की मात्र "राउटर रीस्टार्ट करून बघा" हेच उत्तर. शेवटी लाइन बघायला आलेल्या मुलाने तो नंबर तोंडपाठ सांगितला. लँडलाइनची काळजी होती, पण आमच्याकडे फोनचा व्हीलॅन वेगळा असल्याने ती ओएनटीवरच चालू राहिली. हे आधी विचारून घ्याच.

आता राउटर. खोक्यावरच्या आकड्यांकडे मी फारसं पाहिलंच नाही. एसी1200 म्हणजे दोन बँडच्या कागदी वेगांची बेरीज, 300 अधिक 867. त्या नावाच्या काही स्वस्त राउटरना वॅन पोर्ट (बाहेरची लाइन लागते तो) 100 एमबीपीएसचाच असतो, म्हणजे हातात जेमतेम 94-95. खरी चाळणी ओपनडब्ल्यूआरटीच्या (राउटरवर टाकता येणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या) हार्डवेअर यादीने लावली, कारण एसक्यूएम, म्हणजे ती रांग हाकणारी सोय, मला त्यावरच हवं होतं. तिथे मॉडेलबरोबर व्हर्जनही पाहावं लागतं. एकाच नावाच्या व्ही1 आणि व्ही2 मध्ये चिपच वेगळी निघू शकते आणि दुसरीला सपोर्ट नसतो. विकणारे व्हर्जन लिहीत नाहीत, ते खालच्या स्टिकरवर असतं. दुसरी अट प्रोसेसरची. एसक्यूएम चालवायचं तर हार्डवेअर ऑफलोडिंग (सीपीयूला वगळून पॅकेट परस्पर पुढे ढकलणं) बंद ठेवावं लागतं आणि प्रत्येक पॅकेटचा भार सीपीयूवर येतो. म्हणून वायफाय 6 चा मधल्या फळीतला, पण दमदार चिपचा राउटर घेतला.

जोडणी पटकन झाली. पीपीपीओईचे 8 बाइट जातात म्हणून एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) 1492, वॅनवर व्हीलॅन टॅग, की लाइन सुरू. वॅनचा पत्ता 100.72 ने सुरू होणारा दिसला, म्हणजे कंपनीचं सीजीनॅट: एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. घरचा कॅमेरा पोर्ट फॉरवर्डिंगने बाहेरून पाहायचा असेल तर कितीही भारी राउटर इथे कामाचा नाही, कंपनीकडून पब्लिक आयपीच घ्यावा लागतो. मला तशी गरज नव्हती. एसक्यूएममध्ये केक ही रांग हाकायची पद्धत निवडून वेग दोन्ही बाजूंना 180 वर बांधला. वरचे 20 एमबीपीएस गेले, पण अपलोड चालू असताना पिंग चाळिशीच्या आत राहू लागला आणि कॉल सुरळीत झाले.

शेवटच्या खोलीत वायफाय आधीइतकंच कच्चं होतं. तिथे जुना राउटर नुसता वायफाय देण्यापुरता ठेवला: त्याचा डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणं) बंद केला, आयपी बदलला आणि नव्या राउटरमधून आणलेली केबल त्याच्या लॅन पोर्टला लावली, वॅनला नाही.